मी रजेवर गेले की सगळं माझ्या परतण्याची वाट पाहतं

वाचकाचा प्रश्न (मूळ पत्र लांब आहे, इथे त्याचा संक्षेप दिलाय):

मी एका मध्यम आकाराच्या उत्पादन कंपनीत ऑपरेशन्सची प्रमुख आहे. वय 54. हाताखाली साधारण दीडशे माणसं आहेत. दोन वर्षांनी मी ही जागा सोडून वरची जबाबदारी घ्यावी, असं संचालकांच्या मनात आहे. 'तुमच्या जागी आतलं कुणीतरी तयार करा, नाहीतर बाहेरून आणू,' असं त्यांनी सांगितलंय. मी आमचा सगळ्यात हुशार इंजिनिअर निवडला. गेलं वर्षभर दर आठवड्याला तासभर बसून त्याचं कोचिंग करते. तो प्रामाणिक आहे, सगळं लिहून घेतो. पण मागच्या महिन्यात मी दहा दिवस रजेवर गेले आणि सगळे निर्णय अडकून पडले. रोज त्याचा फोन यायचा, मी पाच मिनिटांत प्रश्न सोडवून द्यायचे. परत आले तर टेबलावर सह्यांसाठी कागदांची चळत. याआधी मी दोघांना असंच तयार केलं होतं. दोघंही शिकले आणि सोडून गेले. आता कळत नाही, माझं कोचिंग कमी पडतंय की माणूसच चुकीचा निवडला? त्याच्यात नेतृत्वगुण नसतीलच तर मी आणखी वेळ का घालवू? बाहेरून माणूस आणलेला बरा नाही का?

उत्तर:

तुमच्या पत्रातली तळमळ पोचली. आपल्या जागी दुसऱ्याला उभं करायचं खरोखर मनावर घेणारी माणसं कमीच. त्यासाठी वर्षभर न चुकता दर आठवड्याला तास काढणारी तर विरळाच. म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तुमचे कष्ट कमी पडलेले नाहीत. ज्या गोष्टीचं कोचिंग व्हायला हवं, ती गोष्टच अजून त्याच्या हातात आलेली नाही. निर्णय तुमच्याकडे आहेत आणि ते कसे घ्यावेत याची चर्चा मात्र त्याच्याशी होते आहे.

रजेतल्या एका फोनबद्दल तुम्ही सविस्तर लिहिलंय. गिऱ्हाइकाला माल ठरल्यापेक्षा चार दिवस आधी हवा होता. त्याने फोन केला, 'मॅडम, काय करू?' दुसऱ्या लाइनवर काय चालू आहे, हे तुम्ही विचारलंत. त्याने सांगितलं. तुम्ही म्हणालात, 'ती ऑर्डर दोन दिवस मागे टाक, तिथली माणसं इकडे घे आणि गिऱ्हाइकाला सांग की माल दोन टप्प्यांत देतो.' प्रश्न सुटला.

उत्तर अगदी चोख होतं, त्याबद्दल वादच नाही. पण त्या पाच मिनिटांत त्याच्या पदरात काय पडलं, ते त्याच्या बाजूने बघा. फोन केला की उत्तर मिळतं, ते बरोबर निघतं, आणि चुकलंच तर ठपका आपल्यावर येत नाही. मग त्याने स्वतःहून का ठरवावं? यात मला नेतृत्वाचा अभाव दिसत नाही. तुमच्या विभागात प्रत्यक्षात जो नियम चालतो, तो त्याने नीट ओळखलाय. रजेवर जाताना सह्यांचे अधिकार त्याच्याकडे दिले होते का, हे पत्रात कुठे नाही. टेबलावरच्या चळतीवरून वाटतं, दिले नसावेत. तसं असेल तर ते कागद अडकले त्यात त्याचा दोष नाही.

1980च्या दशकात अमेरिकेतल्या सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप या संस्थेतल्या संशोधकांनी यशस्वी अधिकाऱ्यांना विचारलं होतं, तुम्ही घडलात ते नेमकं कशामुळे? त्या उत्तरांमधून पुढे 70-20-10 हे सूत्र रूढ झालं. सत्तर टक्के शिकणं अवघड कामं अंगावर घेतल्याने, वीस टक्के वरिष्ठांच्या आणि सहकाऱ्यांच्या सोबतीने, दहा टक्के वर्गात बसून. आकडे लोकांनी आठवून सांगितलेल्या गोष्टींवर बेतलेले आहेत, त्यामुळे मोजपट्टी म्हणून मी ते कुणाला वापरू देत नाही. पण इतकी वर्षं माणसं घडताना पाहिल्यावर त्यामागचं म्हणणं मला पटलेलं आहे. तुमचा आठवड्याचा तास त्या विसात येतो. सत्तरातलं काय काय त्याच्या वाट्याला आलं, हे मला पत्रात शोधूनही सापडलं नाही. पाण्यात उतरल्याशिवाय पोहता येत नाही, हे आपण सगळेच म्हणतो. कंपनीत मात्र माणसाला काठावर बसवून ठेवतो आणि त्याला पोहता येत नाही म्हणून खंतावतो.

तेव्हा सुरुवात कोचिंगच्या तासापासून करू नका, निर्णयांपासून करा. एक दिवस शांतपणे बसा आणि गेल्या महिन्यात तुमच्यापर्यंत आलेला प्रत्येक निर्णय कागदावर उतरवा. बारीकसारीक सुद्धा. ओव्हरटाइमला मंजुरी, शिफ्ट बदलून देणं, मशीन थांबवून मेंटेनन्स करायचा की अजून आठवडाभर रेटायचं, सुट्या भागांची तातडीची खरेदी, नापास झालेला माल पुन्हा दुरुस्त करायचा की भंगारात काढायचा, दोन सुपरवायझरांमधलं भांडण. मग प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिहा: हा निर्णय चुकला तर काय होईल आणि ते किती दिवसांत निस्तरता येईल? जिथे उत्तर 'थोडा मनस्ताप, थोडा खर्च, आठवड्याभरात सावरेल' असं येईल, ते निर्णय याच महिन्यात त्याच्याकडे द्या, पूर्णपणे. त्याने ठरवायचं, तुम्हाला सांगायचीही गरज नाही. त्याहून जड निर्णय त्याने घ्यायचे आणि घेतल्यावर तुम्हाला कळवायचे. सगळ्यात जड असतील त्यांत त्याने आधी तुमच्याशी बोलायचं, पण येताना 'काय करू' असा प्रश्न घेऊन न येता 'मी असं करायचं म्हणतोय' असा प्रस्ताव घेऊन यायचं. माणसांची सुरक्षितता आणि कायदेशीर बाबी सुरुवातीला तुमच्याकडेच ठेवा. दर तीन महिन्यांनी कागद पुन्हा काढा आणि जड गटातलं काहीतरी त्याहून हलक्या गटात सरकवा.

पैशांच्या खर्चाची मर्यादाही आकड्यात ठरवून लेखी द्या. 'गरज पडली तर खर्च कर' याला अधिकार म्हणत नाहीत. अमुक रकमेपर्यंतची खरेदी त्याच्या एकट्याच्या सहीवर होईल, हे अकाउंट्सला कळवलं की तो खरा अधिकार.

हे सगळं विभागासमोर उभं राहून सांगावं लागेल. बंद दाराआड दिलेला अधिकार कुणी मानत नाही. सांगितल्यानंतरही लोक तुमच्याकडे येतीलच. बारा-पंधरा वर्षं तुमच्यासोबत काम केलेला सुपरवायझर दारात उभा राहील. त्याच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला पाठ असेल, दोन वाक्यांत काम होईल असं वाटेल. त्या वेळी 'हे आता त्यांच्याकडे आहे, त्यांना विचारा' एवढंच म्हणायचं आणि आपल्या कामाकडे वळायचं. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातला सर्वात अवघड भाग हाच. एकदा जरी तुम्ही 'बरं, एवढ्यापुरतं सांगते' म्हणालात, तर दुसऱ्या दिवशी दारात तिघं असतील आणि तुमचा सहकारी पुन्हा नामधारी होईल.

आता तुमचा तो आठवड्याचा तास. तो ठेवाच, पण त्याचा विषय बदला. आजवर तुम्ही त्याला तुमचा अनुभव दिलात. यापुढे त्या तासात त्याने घेतलेल्या किंवा घ्यायच्या निर्णयाबद्दल बोला, आणि बोलण्यातला मोठा वाटा त्याचा असू द्या. कोचिंग शिकवणाऱ्या बहुतेक ठिकाणी ग्रो नावाची एक पद्धत भेटते. जॉन व्हिटमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980च्या दशकात ब्रिटनमध्ये ती रुळवली. आधी नेमकं काय साधायचं आहे ते, मग आज परिस्थिती काय आहे, मग मार्ग कोणकोणते, आणि शेवटी कोण काय कधी करणार. पद्धत साधी आहे. अनुभवी वरिष्ठ तिसऱ्या पायरीवर घसरतात, कारण मार्ग त्यांना आधीच दिसत असतो.

तोच फोन पुन्हा आला असं समजा.

'मॅडम, गिऱ्हाइकाला माल चार दिवस आधी हवाय. काय करू?'

'तुला काय वाटतं?'

'तेच तर सुचत नाहीये.'

इथे बहुतेकांचा धीर सुटतो आणि उत्तर तोंडातून निघून जातं. तुम्ही गप्प राहा. फोनवरची शांतता फार लांबल्यासारखी वाटते, खरं तर ती काही सेकंदांची असते. त्याला विचार करायला तेवढा वेळ लागतो, आणि आजवर तो त्याला कधी मिळालेला नाही.

'दुसरी ऑर्डर मागे टाकता येईल. पण ते गिऱ्हाईक चिडेल.'

'किती चिडेल, हे कुणाला माहीत असेल?'

'मार्केटिंगला.'

'विचारलंस?'

'नाही अजून.'

'विचार. मग ठरव आणि संध्याकाळी मला नुसतं कळव.'

यात पाच मिनिटंही गेली नाहीत. तुम्ही एकही मार्ग सुचवला नाही, तरी त्याला एकटंही सोडलं नाही. कदाचित संध्याकाळी तो जे कळवेल ते तुमच्या उत्तराइतकं चोख नसेल. दोन टप्प्यांत माल द्यायचं त्याला सुचणारच नाही, तो सरळ ओव्हरटाइम लावेल आणि खर्च थोडा वाढेल. ते चालवून घ्या. पुढच्या बैठकीत 'आणखी कोणता मार्ग होता?' एवढं विचारलंत तर बरेचदा तोच शोधून काढेल.

मात्र प्रत्येक वेळी प्रश्नच विचारत बसू नका. नव्याने कोचिंग शिकून आलेले वरिष्ठ हा अतिरेक करतात आणि समोरच्याला वैताग आणतात. त्याला खरेदीचा एखादा नियम माहीतच नसेल तर नियम सांगा. मशीनवर कुणाला इजा होण्याची शक्यता असेल तर सरळ आदेश द्या. माहिती नसलेल्या माणसाला 'तुला काय वाटतं' विचारणं म्हणजे त्याला कोड्यात टाकणं. माहिती आहे, कौशल्य आहे, पण ठरवायची सवय नाही, अशा ठिकाणी कोचिंगचा उपयोग होतो. तुमच्या सहकाऱ्याचं नेमकं तसंच दिसतंय.

चुका होतील. पहिली ठळक चूक झाली की संपूर्ण विभाग तुमच्या चेहऱ्याकडे पाहील. त्या दिवशी तुम्ही निर्णय काढून घेतलात, तर वर्षभराचं काम त्या एका दिवशी पुसलं जाईल. चुकीबद्दल बोलणंही जपून करायला हवं. क्लुगर आणि डिनिसी या दोन संशोधकांनी 1996 साली फीडबॅकवरचे शेकडो निष्कर्ष एकत्र करून तपासले. सरासरीने फीडबॅकचा फायदा होतो, असं दिसलं. पण एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी फीडबॅकनंतर काम सुधारण्याऐवजी खालावलं होतं. बोलणं कामावरून सरकून माणसाच्या स्वतःबद्दलच्या प्रतिमेवर गेलं की परिणाम उतरत जातो, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणून 'तू अजून कच्चा आहेस', 'तुला माणसं कळत नाहीत' अशी वाक्यं टाळा. 'मंगळवारी मेंटेनन्स पुढे ढकलताना तू काय काय धरून चालला होतास?' हे विचारा. धरून चाललेल्या गोष्टींपैकी कोणती चुकली हे त्याला सापडलं की पुढच्या वेळी ती तो तपासून घेतो.

इथे एक अडचण आहे, तिचा तुम्ही विचार केलेला दिसत नाही. त्याचं अप्रेझल तुम्हीच लिहिता. बढती तुमच्या शब्दावर आहे. मग 'मला जुन्या सुपरवायझरांची भीती वाटते', 'मला ही जागा झेपेल असं वाटत नाही' हे तो तुम्हाला सांगेल का? तो मान डोलावेल आणि लिहून घेईल. वर्षभर तेच चाललंय, आणि त्यात त्याचा खोटेपणा नाही, सावधपणा आहे. म्हणून रोजच्या निर्णयांबद्दलचं कोचिंग तुम्ही करा, पण त्याच्या मनातल्या भीतीबद्दल आणि पुढच्या वाटचालीबद्दल बोलायला दुसरं माणूस द्या. दुसऱ्या विभागातला, त्याच्यावर अधिकार नसलेला एखादा ज्येष्ठ चालेल. कंपनीचं बजेट असेल तर बाहेरचा कोच.

बाहेरचा कोच घेताना सावध राहा, कारण कोच म्हणवून घ्यायला बहुतेक ठिकाणी कोणताही परवाना लागत नाही. 1995 साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनसारख्या संस्था प्रमाणपत्रं देतात, आचारसंहिता ठेवतात. प्रमाणपत्राने किमान तयारीची खात्री होते, सूर जुळण्याची होत नाही. दोघा-तिघांशी एकेक भेट ठरवा आणि निवड तुमच्या सहकाऱ्याला करू द्या. सुरुवातीलाच तुम्ही, तो, कोच आणि एचआर एकत्र बसून लेखी ठरवा की कंपनीला काय कळवलं जाईल. उद्दिष्टं कोणती ठरली आणि बैठका झाल्या की नाही, एवढं पुरे. आत काय बोलणं झालं ते कोचने तुम्हाला सांगायचं नाही आणि तुम्हीही जाता-येता विचारायचं नाही. हा शब्द एकदा मोडला की तो तिथेही मान डोलवायला लागेल.

आता तुमचा दुसरा प्रश्न, माणूस चुकीचा निवडला का. मला माहीत नाही, आणि आज तुम्हालाही ते कळायला मार्ग नाही, कारण त्याला ठरवताना तुम्ही अजून पाहिलेलंच नाही. पण निवडीमागचं गृहीतक तपासायला हवं. तुम्ही लिहिता, 'आमचा सगळ्यात हुशार इंजिनिअर.' उत्तम काम करणारा माणूस उत्तम प्रमुख होईल, असं जवळजवळ प्रत्येक कंपनी धरून चालते. बेन्सन, ली आणि शू या अर्थशास्त्रज्ञांनी 2019 साली अमेरिकी कंपन्यांमधल्या विक्री कर्मचाऱ्यांच्या नोंदींवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. बढती मिळायची ती सर्वाधिक विक्री करणाऱ्यांना. आणि बढतीआधी ज्यांची विक्री जास्त होती, ते व्यवस्थापक झाल्यावर त्यांच्या हाताखालच्या लोकांची कामगिरी तुलनेने खालावलेली दिसली. विक्रीतला निष्कर्ष उत्पादनाला जसाच्या तसा लागू पडेल असं मी म्हणणार नाही. तरी तुमच्या निवडीकडे पुन्हा एकदा बघावं, इतकं त्यात नक्की आहे.

त्याला ही जागा हवी आहे का? 'मी निवडलं', 'मी कोचिंग करते' असं पत्रात आहे, त्याने काय म्हटलं ते कुठेच नाही. 'तुला माझ्या जागी बघते' असं प्रमुखाने म्हटल्यावर 'नको' म्हणायला फार धाडस लागतं. त्याला विचारा, पण उत्तर त्याच बैठकीत मागू नका. आणि 'नको'चा दरवाजा खरोखर उघडा ठेवा: तांत्रिक कामातच राहून वर जाता येईल, पगार आणि मान मिळेल, अशी वाट कंपनीत असेल तर ती त्याच्यासमोर मांडा. नसेल तर संचालकांशी बोलून ती तयार करायचा प्रयत्न करा. अशी वाट नसली की चांगला इंजिनिअर केवळ पगार वाढावा म्हणून माणसं सांभाळायला येतो, आणि मग तोही दुःखी होतो आणि ती माणसंही.

पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता नियोजन विभागातल्या एका सहकारी बाईंचा उल्लेख केलाय. 'सगळे तिच्याकडेच अडचणी घेऊन जातात, पण ती इंजिनिअर नाही.' मला तुमच्या पत्रातलं हे सगळ्यात मोलाचं वाक्य वाटलं. कोणतंही पद नसताना लोक ज्या व्यक्तीकडे अडचणी घेऊन जातात, तिच्यात काहीतरी आहे. ती ऐकून घेत असेल, दोन विभागांमध्ये मार्ग काढत असेल, शब्द पाळत असेल. तुमच्या जागेवरच्या माणसाने दिवसभर करायचं काम हेच. तांत्रिक बाबतीत तिला सल्ला देणारे इंजिनिअर तुमच्याकडे आहेत. ही जागा इंजिनिअरकडेच असायला हवी, हे कामाची गरज म्हणून ठरलंय की आजवर तसं होत आलंय म्हणून? तिलाही निर्णयांचा एक गट द्या. एखाद्या नव्या ऑर्डरची सुरुवातीपासून शेवटपर्यंत जबाबदारी द्या. तुमच्या पहिल्या पसंतीला बाजूला सारा, असं मी म्हणत नाही. एकाच माणसावर सगळा डाव लावू नका, एवढंच. तो आजारी पडला, त्याला दुसरी नोकरी लागली, त्याने नाही म्हटलं, तर दोन वर्षं वाया जातील. अशा वाटणीत आणखी कुणी पुढे आलं तर आनंदच आहे.

फक्त याची शर्यत होऊ देऊ नका. जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीत मुख्याधिकारी जॅक वेल्श यांच्या जागेसाठी तिघांना वर्षानुवर्षं तयार केलं होतं. 2000 सालच्या शेवटी जेफ इमेल्ट यांचं नाव जाहीर झालं आणि उरलेले दोघंही लगेच दुसरीकडे मुख्याधिकारी म्हणून गेले, नार्डेली होम डेपोत आणि मॅकनर्नी थ्रीएममध्ये. इतक्या मोठ्या कंपनीला ते परवडलं असेल. दीडशे माणसांच्या विभागाला असे दोन जण एकदम गमावणं फार जड जाईल. ज्यांना तुम्ही तयार करताय, त्या प्रत्येकासमोर ही जागा सोडून आणखी एक तरी खरी वाट असायला हवी, आणि ती त्यांना आधीपासून माहीत असायला हवी.

यावरून त्या आधीच्या दोघांकडे येते. 'शिकले आणि गेले' ही वेदना मी समजू शकते. आपण जीव लावून शिकवलेलं माणूस राजीनामा ठेवतं तेव्हा आत काहीतरी तुटतं. तरी आठवून बघा, शिकून झाल्यावर त्यांचं रोजचं काम बदललं होतं का? एखादी नवी जबाबदारी, अधिकार, पगारातला फरक? पात्रता वाढली आणि काम तेच राहिलं, तर माणूस ती वापरायला दुसरी जागा शोधतो. दोघांपैकी कुणाशी अजून बोलणं होत असेल तर फोन करून विचारा. तक्रारीच्या सुरात नको, खरोखर समजून घ्यायला. काही उत्तर टोचेल, पण पुढच्या दोन वर्षांसाठी त्याच्याइतकी उपयोगी माहिती दुसरीकडे मिळणार नाही. आणि सगळं नीट करूनही काही जण जातीलच. जाईल या भीतीने शिकवायचं थांबवलं तर न शिकलेली माणसं तेवढी उरतात, आणि रजेतले फोन तुम्हालाच घ्यावे लागतात.

बाहेरून आणण्याचा पर्याय मी सरसकट वाईट मानत नाही. कामाची पद्धतच बदलायची असेल, आत कुणालाच येत नाही असं तंत्र आणायचं असेल, किंवा वेळच उरला नसेल, तर बाहेरचा माणूस आणावा. पण 'बाहेरून तयार माणूस मिळतो' या समजुतीवर विसंबून नको. मॅथ्यू बिडवेल यांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका मोठ्या वित्तीय कंपनीच्या नोंदी तपासल्या होत्या. त्याच पातळीवर आतून बढती मिळालेल्यांपेक्षा बाहेरून आलेल्यांना 18 ते 20 टक्के जास्त पगार मिळत होता. पहिली दोन वर्षं मात्र त्यांची कामगिरी उणी होती, आणि नोकरी सोडण्याचं किंवा नोकरीतून काढलं जाण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त होतं. एका कंपनीवरून सगळ्यांचा निकाल लावता येत नाही, पण कारण कुणालाही पटण्यासारखं आहे. कोणती लाइन केव्हा रुसते, कोणत्या सुपरवायझरचा 'हो' म्हणजे खरा 'हो', कोणत्या गिऱ्हाइकाची घाई खरी असते, हे नव्या माणसाला शिकायला वेळ लागतोच. आणि तुमचा विभाग आज जसा चालतो, म्हणजे सगळं एका व्यक्तीच्या फोनवर, तसाच राहिला तर बाहेरून आलेला माणूसही वर्षभरात तुम्हालाच फोन करेल.

तुमच्याबद्दलही थोडं बोलायला हवं. 'माझ्याशिवाय एक दिवस चालत नाही,' असं तुम्ही लिहिलंय. त्यात थकवा आहे आणि थोडं समाधानही आहे, असं मला जाणवलं. ते अगदी स्वाभाविक आहे. इतकी वर्षं ज्या प्रश्नांची उत्तरं देत आलात, ते प्रश्न आता दुसऱ्याकडे जाणार, तेव्हा काही काळ रिकामपण येईल. तुमची वरची जबाबदारी नेमकी काय आहे, हे पत्रात नाही. ती अजून तुम्हालाही धूसर असेल तर संचालकांकडून लेखी स्पष्ट करून घ्या आणि त्यातलं थोडं काम आत्तापासून हाती घ्या. पुढे काय करायचं ते ठाऊक नसलेल्या माणसाला मागचं सोडणं फार कठीण जातं, आणि ते न सुटण्याची किंमत त्याच्या हाताखालचे मोजतात.

संचालकांकडे जाताना एक ठोस मुदत घेऊन जा. पुढचे सहा महिने निर्णय सोपवून बघणार, कोणते निर्णय कुणाकडे आहेत त्याचा हा कागद, आणि सहा महिन्यांनी मी दोन आठवडे पूर्ण रजेवर जाणार, तेही फोन न घेता. त्या दोन आठवड्यांत किती निर्णय झाले, किती थांबले आणि का थांबले, हे परतल्यावर तुमचा इंजिनिअर आणि नियोजनातल्या त्या बाई, दोघांच्याही बाबतीत बघा. किती थांबले यापेक्षा 'का' याकडे जास्त लक्ष द्या. अधिकार नव्हता म्हणून थांबलं असेल तर दुरुस्ती तुमच्याकडे आहे. अधिकार, माहिती, वेळ सगळं असूनही थांबलं असेल, आणि हे पुन्हा पुन्हा दिसलं, तर ती जागा त्या व्यक्तीसाठी नाही हे मोकळेपणाने मान्य करा. तेव्हाही हातात दीड वर्ष उरलेलं असेल, बाहेर शोधायला ते पुरेसं आहे. आणि तशी जाहिरात द्यायची वेळ आलीच, तर ती निघण्याआधी त्या दोघांना बोलावून तुम्ही स्वतः सांगा: जाहिरात का निघतेय, त्यांनी अर्ज करायचा की नाही याबद्दल तुमचं प्रामाणिक मत काय आहे, आणि अर्ज केला नाही तरी त्यांच्यासाठी कंपनीत पुढे काय आहे.